सतरा नंबरचा घाणा

दार उघडलं आणि आधी वास आत आला, माणूस त्याच्या मागून. ती काट्यावर वाकलेली होती. हातातल्या काचेच्या नळीतून लव्हेंडरचं तेल थेंब थेंब पडत होतं, आकडा सरकत होता, आणि जिथे तो थांबायला हवा तिथून तीन थेंब पुढे गेला. या खोलीत आपल्या हातून असं कधी झालं नाही, असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं. एकदा झालं होतं, आणि त्या एकदाचाच वास आता दारात उभा होता. दारातली बाई तिशीची असेल. केस आखूड, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, चेहऱ्यावर नव्या नोकरीचा उत्साह. "नमस्कार बाई, मी कालपासून वरच्या मजल्यावर आलेय, वास तपासायला," असं काहीसं ती बोलत होती. "आधी बाहेर व्हा," काट्यावरून मान वर करत ती म्हणाली. आवाज इतका चढा निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. नवी बाई जीभ चावून मागे सरली, दार लागलं, आणि काचेपलीकडे ती दारावरची पाटी वाचत असलेली दिसली.

वजनाच्या खोलीत वास लावून येऊ नये, एवढंच त्या पाटीवर होतं. पाटी साधी, पण तिच्यामागे एक अख्खं आयुष्य खर्ची पडलं होतं. अत्तराच्या कारखान्यात सगळे वास जिथे मोजले जातात तिथे मोजणाऱ्याला स्वतःचा वास असून चालत नाही. डोक्याला तेल नाही, तोंडाला पावडर नाही, केसात फूल नाही. साबण कंपनी देते तो, बिनवासाचा. कपडे धुवायची पूडही तीच. डब्यात लसूण नाही, आणि लसूण घामात दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो म्हणून रविवारच्या जेवणातही नाही. सुरुवातीला तिला हे नियम वाटत, मग सवयी झाल्या, आणि मग त्या सवयीच तेवढ्या उरल्या. धाकट्या बहिणीची मुलगी लहान असताना एकदा तिच्या कुशीत शिरली होती आणि म्हणाली होती, "मावशी, आईला आईचा वास येतो, आजीला आजीचा येतो. तुला कसलाच येत नाही." सगळे हसले, तीही हसली. नंतर न्हाणीघरात जाऊन तिने स्वतःचा दंड हुंगून पाहिला. पोर खोटं बोलत नव्हती.

तीन थेंब जास्त पडलेलं भांडं तिने बाजूला ठेवलं, वहीत तसं लिहिलं, हात धुतले आणि ती व्हरांड्यात आली. तिला बाहेर यायची काही गरज नव्हती. नवी बाई भिंतीला टेकून उभी होती. "चुकलंच हो बाई. वर सगळे लावूनच बसतात, त्यामुळे लक्षात आलं नाही." तिने तिला माफ केलं की नाही हे काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "कुठून मिळाला?" तशी ती खुलली. "ओळखलात? सतरा नंबर. बाजारात त्याला काहीतरी फुलाफुलांचं नाव होतं, पण आपल्या वहीत सतराच. माझ्या घरमालकिणीच्या कपाटात होती बाटली. नवऱ्याने आणली होती म्हणे, तिने एकदा हुंगली आणि म्हणाली, हे लावून मी जाऊ कुठे? तशीच ठेवून दिली. आणि आता लोक याच्यामागे वेडे झालेत. माझ्या वयाचे, माझ्याहून लहान. जुन्या बाजारात शोधत फिरतात. साहेबांना तर सतरा पुन्हा काढायचाय, मला घेतलंच त्यासाठी. पण वहीत लिहिलंय तसा केला की येतो एक सज्जन म्हातारा. बाटलीत आहे तो काही सज्जन नाही." "यंत्र काय म्हणतं?" "जवादी जास्त आहे म्हणतं. पण मुळात किती होती आणि एवढ्या वर्षांत मुरून काय झालं, ते यंत्राला कुठे कळतंय? तिप्पट करून पाहिली. त्यापुढे जायचा धीर होईना."

ती ऐकत होती आणि ऐकताना तो वास तिच्या अंगावर येत होता. ओलं शेवाळ, चामडं, बंद पेटीतलं लाकूड, त्यात जड झालेली फुलं, आणि सगळ्यांच्या तळाशी एक उबदार जनावर. "पण का?" तिने विचारलं. "आवडतं काय यात लोकांना?" नव्या बाईने जरा विचार केला. "आताचे वास कसे असतात, तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच तर मोजता. धुतलेला टॉवेल. चिरलेली काकडी. शेजारच्या खुर्चीवरच्याला कळू नये अशा बेताने. सगळे कसे माफी मागत आल्यासारखे. हा माफी मागत नाही." मग जरा थांबून, बुटाच्या टोकाकडे बघत ती म्हणाली, "मी एकटी राहते. संध्याकाळी कुलूप उघडलं की खोलीत कुणी नसतं. कधीकधी वाटतं, मीसुद्धा नाहीये. हा लावला की निदान मी तरी असते." आणि एखादा विनोद सांगितल्यासारखी हसली. त्या व्हरांड्यात आजवर तिला कुणी असलं काही सांगितलं नव्हतं. माझंही तसंच आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही. पण बोलायची सवय सुटली की शब्द दाराशी येऊन परत जातात. "उद्या खाली येताना धुऊन या," ती म्हणाली. "धुतला तरी जात नाही हो हा." "माहीत आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

माहीत कसं नसेल? जवादी ही चीज पूर्वी एका रानमांजराच्या ग्रंथीतून काढत, आता कारखान्यात बनवतात. निखळ हुंगली तर माणूस तोंड फिरवतो. पण कणभर फुलांच्या खाली ठेवली तर तीच फुलं अंगात आल्यासारखी बोलायला लागतात. कणभर मोजणं अवघड, म्हणून कपाटात तिच्या दोन बाटल्या असत, एक निखळ आणि दुसरी पातळ करून ठेवलेली, दहात एक भाग. दोन्ही तपकिरी, दोन्हींवर एकच नाव. पातळ केलेलीच्या चिठ्ठीवर फक्त एक लाल रेघ. रेघेकडे कुणी पाहत नसे, कारण बाटलीचं बूच निघालं की नाकाला कळायचंच. शिवाय नियम होता. एकाने मोजायचं, दुसऱ्याने प्रत्येक बाटली हुंगून सही करायची. सही करायचे ते मास्तर. मास्तरांनी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं, पण चूक सापडली की चष्म्याच्या वरून असे बघत की समोरच्याला पट्टी आठवायची. नाकासमोर चालणारा माणूस. दारात हजेरीला रांग नसली तरी हे आपले रांगेच्या जागी उभे राहून मग पुढे येणार. तिला त्यांनीच शिकवलं होतं. थेंब कसा सोडायचा, श्वास कुठे रोखायचा, तीन वास घेतल्यावर आपल्याच बाहीत नाक खुपसून ते कसं ताजं करून घ्यायचं. "बाही बिनवासाची हवी, पोरी," म्हणायचे. "आपलं अंग म्हणजे कोरा कागद."

ती सव्वीस वर्षांची होती. त्या सकाळी मास्तरांनी कपाटाची किल्ली पहिल्यांदाच तिच्या हातात दिली आणि म्हणाले, आज सतराचा घाणा तू टाक. घाणा म्हणजे एका टाकीचा माल. तळणीचा शब्द अत्तरात कुणी आणला देव जाणे, पण तिथे सगळे तोच वापरत. आणि नेमकी त्याच सकाळी तिला सर्दी झालेली. सर्दी झालेल्याने वजनाच्या खोलीत यायचं नाही, हा पाटीच्याही आधीचा नियम. ती घरी परत गेली असती तर किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली असती. कदाचित उद्या पुन्हा तिच्याच हातात आली असती, हे तिला आता कळतं. सव्विसाव्या वर्षी उद्या फार लांब असतो. "सर्दीबिर्दी झालीय का गं तुला?" मास्तरांनी विचारलं होतं. "छे," ती म्हणाली होती. एवढंच. तिने बाटली काढली, बूच उघडलं, नाकाशी नेलं, काही आलं नाही, आणि मान डोलावून ती मोजत गेली. मास्तर टेबलाच्या पलीकडे दुसऱ्या कामात होते. तिने वही पुढे केली तेव्हा त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि एकही बाटली न हुंगता सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच केलं असेल त्यांनी तसं. ती तिची परीक्षा पास झाल्याची पावती होती, आणि ती तिने खोटं बोलून मिळवली होती.

इथपर्यंत तिने स्वतःला केव्हाच माफ केलं होतं. पोरवय, हौस, चूक. जिच्यापाशी आठवण थांबायची आणि पुढे जायला नकार द्यायची ती गोष्ट निराळी होती. चौथ्या दिवशी तिचं नाक उघडलं. माल टाकीत तीन आठवडे मुरत ठेवायचा असतो. जेवणाच्या सुट्टीत कुणी नसताना तिने टाकीचं झाकण जरा उचललं, आणि खालून ते जनावर वर आलं. काय झालं ते एका श्वासात कळलं. झाकण तिने हळूच परत ठेवलं, जसं काही आत कुणाला जाग येईल. मग तीन आठवडे रोज सकाळी ती आज सांगू म्हणून यायची आणि संध्याकाळी उद्या सांगू म्हणून जायची. मूग गिळून बसणं म्हणतात त्याला, पण मूग एकदाच गिळायचे असतात, तिने ते रोज गिळले. वरच्या तपासनिसाने नमुन्याची पट्टी घाईने हुंगून पास केली. ताजा माल जरा उग्र असतोच, असं तो मागाहून म्हणाला. बाटल्या भरल्या, दुकानांत गेल्या, आणि महिन्याभरात परत यायला लागल्या. हे लावून बाई खोलीत आली की आधीची माणसं उठून जातात, अशी तक्रार कुणीतरी लिहून पाठवली होती.

चौकशीला तेव्हाचे मोठे साहेब खाली आले. सगळे टेबलाभोवती उभे. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. ती तोंड उघडायच्या बेतात होती, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. खरं म्हणजे नव्हती. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "जवादी जास्त पडली. चूक माझी." किती पडली, कशी पडली, कुणी विचारलं नाही. शिक्षा द्यायला तेवढं पुरेसं होतं. कागदावर तेवढंच लिहिलं गेलं आणि खाली त्यांची सही. दुसऱ्या दिवसापासून मास्तर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बाटल्या धुण्याच्या कामावर. जिथे नाक लागत नाही अशी ती एकच जागा होती कारखान्यात. तिथे त्यांनी आठ महिने काढले. एकदा फाटकात समोरासमोर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं हे टोचून बोलताहेत. ती मान खाली घालून निघून गेली, आणि मग फाटकाऐवजी मागच्या दाराने ये-जा करायला लागली. पुढे ते नोकरी सोडून गेले. एकोणीस वर्षांपूर्वी फळ्यावर त्यांच्या निधनाची चिठ्ठी लागली. ती तिने उभ्याने वाचली, डबा उघडला आणि सगळा संपवला. आपण जेवू शकतो, याचीच तिला नंतर भीती वाटली होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती चप्पल न काढता बराच वेळ खुर्चीवर बसून राहिली. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खुर्ची एकच, कारण दुसरीची कधी वेळ आली नव्हती. बहिणीचा फोन आला. बहीण गुडघ्यांविषयी बोलली, मग जावयाविषयी, मग परत गुडघ्यांविषयी. "तुझं काय गं?" तिने शेवटी विचारलं. "आज खोलीत कुणीतरी वास लावून आलं," ती म्हणाली. "आणि?" "काही नाही. बाहेर काढलं." "तुमचे ते नियम," बहीण म्हणाली आणि फोन ठेवला. ती खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता. वजनाच्या खोलीतून बाहेर पडलं तरी ती खोली तिच्याबरोबर चालत घरी यायची, हे खरं म्हणजे तिला केव्हाच कळलं होतं. मास्तरांनंतर तिने कुणालाच जवळ येऊ दिलं नव्हतं. येणारा माणूस कधीतरी आपल्यासाठी काहीतरी करणार, आणि आपण मान खाली घालून निघून जाणार, अशी तिला खात्रीच होती. एका चुकीचा माणूस किती धसका घेतो, याला काही माप नसतं.

आठवड्याभराने तिला वर बोलावलं. नव्या बाईने जुन्या कपाटातून चौकशीचा तो कागद शोधून काढला होता. टेबलाशी हल्लीचे साहेब होते, नवी बाई होती आणि जाहिरातीचं बघणारा एक गृहस्थ. "बाई, तुम्ही एकट्याच उरलात त्या वेळच्या," साहेब म्हणाले. "मास्तर म्हणून कुणी होते ना? बाटलीबरोबर एक पत्रक द्यायचंय. सतरा कुणी घडवला, त्याची गोष्ट. लोकांना गोष्ट लागते." नवी बाई आनंदाने म्हणाली, "त्यांच्या मुलीचा पत्ता मिळालाय. फोटो मागवतोय." तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की काटा उलटा फिरलाय. जी चूक मास्तरांनी अंगावर घेतली होती तिला आता मान मिळणार होता. आता खरं बोलायचं म्हणजे मेलेल्या माणसाच्या गळ्यातला हार काढून आपल्या गळ्यात घालून घ्यायचा. दोष होता तेव्हा गप्प राहिले, आणि कौतुक आलं तेव्हा पुढे झाले, असं होणार. गप्प बसणंच यात चांगुलपणाचं होतं, आणि गप्प बसायला तर ती सरावलेली होती. मिळू दे बापड्याला, ती मनात म्हणाली, आणि तिला खरोखरच हलकं वाटलं.

मग जाहिरातवाल्याने वाचायला सुरुवात केली. "ज्या काळात सगळे नियमाने चालत होते, त्या काळात एका माणसाने नियम झुगारला. वजनाच्या खोलीतल्या या बंडखोराने वरिष्ठांना न जुमानता, सगळ्यांच्या नकळत..." त्याने मान वर केली. "कसे होते हो ते? थोडे विक्षिप्त वगैरे?" हजेरीची रांग नसताना रांगेच्या जागी उभे राहणारे मास्तर. एक थेंब जास्त पडला तर पूर्ण भांडं ओतून टाकणारे मास्तर. त्यांना दोषी म्हटलं असतं तर कदाचित तिने सोसलं असतं, ते तर तिने एकदा सोसलंच होतं. पण त्यांनी सगळ्यांच्या नकळत काहीतरी केलं, हे त्यांच्या फोटोखाली छापून घरोघर जाणार होतं. "मास्तर विक्षिप्त नव्हते," ती म्हणाली. "त्यांनी हे केलेलं नाही. मी केलं." "निखळ बाटली घेतली. घ्यायची होती दहात एकची. दहापट जवादी पडली. मुद्दाम नाही, चुकून." "दहापट," नवी बाई पुटपुटली, कुणी दागिना हातात ठेवावा तशी. साहेब खुर्चीवरून उठले. तिला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी का होईना, आता. साहेबांनी टेबलाला वळसा घालून येऊन तिचा हात हातात घेतला. "म्हणजे तुम्ही इथेच होता, आमच्यात, आणि आम्ही शोधत फिरतोय." "मला सर्दी झाली होती," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही." जाहिरातवाला मोठ्याने हसला, मग सगळेच हसले, प्रेमाने हसले. "सर्दी," तो लिहून घेत म्हणाला, "हे तर फारच छान." "त्यांना बाटल्या धुवायला बसवलं. पुढे नोकरी सुटली त्यांची," ती म्हणाली. "हो हो, तेही घेऊ. त्याने गोष्टीला वजन येतं." ती जे जे पुढे ठेवत होती ते ते लोक ताटातल्या पक्वान्नासारखं उचलून घेत होते. अपराध कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. तीन आठवड्यांचं तिने मग सांगितलंच नाही. त्याचंही त्यांनी काहीतरी गोड करून टाकलं असतं.

जिन्यात नवी बाई मागून आली. "बाई, बरं नाही वाटत का? सगळे किती खूश झालेत." "तेच तर," ती म्हणाली. आणि मग, "तो पत्ता द्या मला. फोटोचं मी सांगते त्यांना." चिठ्ठी हातात आल्यावर तिने ती वाचली, पुन्हा वाचली आणि दोन रविवार पर्समध्ये ठेवली. तिसऱ्या रविवारी सकाळी ती गेली. तळमजल्यावर कपडे दुरुस्त करून देण्याचं एक अरुंद दुकान होतं, मागे घर. शिलाईच्या यंत्रामागे चाळिशी ओलांडलेली एक बाई तोंडात टाचण्या धरून पडद्याची किनार दुमडत होती. वर पाहिलं तेव्हा तिने चष्म्याच्या वरून पाहिलं, आणि ओळख सांगायची गरजच उरली नाही. ही मास्तरांचीच मुलगी. "मी वजनाच्या खोलीत..." ती म्हणायला लागली. मुलीने एकेक करून टाचण्या काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाली, "बसा." बसायला एक स्टूल होतं. त्यावरचे कपडे तिने स्वतःच उचलून मांडीवर घेतले.

मग तिने सांगितलं. यादी वाचावी तसं सगळं क्रमाने आलं. सर्दी, किल्ली, लाल रेघ, न हुंगता केलेली सही. आणि वर जे सांगितलं नव्हतं तेही, उचललेलं झाकण आणि त्यानंतरचे तीन आठवडे. "पत्रकातून त्यांचं नाव काढतील आता. माझं घालतील. मी नको म्हटलं तरी घालतील. तुम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून आले." मुलगी हसली नाही. इतक्या दिवसांत हे ऐकून न हसलेलं हे पहिलंच माणूस. "काढू देत," ती म्हणाली. "आयुष्यात एकदाच खोटं बोलले ते. परत त्यांच्या नावावर कुणी दुसरं खोटं छापायला नको." तिने पडदा पुढे सरकवला, आणखी चार बोटं दुमडली. "झाकणाचं मात्र त्यांना माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं. बाटल्यांतली पातळी बघूनच कळलं होतं त्यांना. घरी आले आणि आईला म्हणाले, मी घेतलं अंगावर. आई अशी भडकली. त्या पोरीसाठी तुम्ही का मरताय, म्हणाली. तर म्हणाले, सही माझी आहे, हुंगायचं मी होतं. आणि म्हणाले, एक-दोन दिवसांत ती रडत येईल इथे, तिला काही बोलू नकोस. जेवायला घाल."

ती मांडीवरच्या कपड्यांकडे बघत राहिली. कुणाची तरी पँट होती, एक पोरीचा फ्रॉक होता. "मी नऊ वर्षांची होते," मुलगी म्हणाली. "आई दोन दिवस जास्तीचा स्वयंपाक करत होती आणि शिव्या देत होती. मग रविवारी कुणी बेल वाजवली की बाबा आधी उठायचे. कुणीही असायचं, शेजारीपाजारी. पुष्कळ दिवस उठत होते. मग आईच जायला लागली दार उघडायला." तिने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं, "राग होता का त्यांना माझा?" नाही, असं मुलगी म्हणेल, असं तिला वाटलं होतं. असल्या वेळी माणसं तसंच म्हणतात, आणि ते ऐकून घ्यायची तिने तयारीही केली होती. मुलीने दोरा दाताने तोडला. "होता. चुकीबद्दल नव्हता. चूक तर त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतली होती, ती त्यांचीच झाली होती. आला नाहीत, याचा होता. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, तिला मी शेजारच्या खुर्चीत बसवून श्वास घ्यायला शिकवला, आणि ती मला घाबरली."

रस्त्यावरून एक सायकल गेली. कुणीतरी दारात डोकावून पडदे झाले का म्हणून विचारलं आणि संध्याकाळी या हे ऐकून गेलं. दु:ख व्हायला हवं होतं तसं होत होतंच, पण त्याच्या बरोबरीने तिला एक विचित्र आराम वाटत होता. तिच्यावर कुणीतरी रागावलं होतं. इतकी वर्षं, नावानिशी, दाराकडे बघत, तिच्यावर रागावलेलं एक माणूस या शहरात होतं. आणि ते गेल्यालाही आता एकोणीस वर्षं झाली होती. मुलीने यंत्राखालून पडदा काढला आणि झटकला. रागाने की कामाने, ते कळत नव्हतं. "चहा घ्याल ना?" तिने विचारलं. उत्तराची वाट न पाहता आत जायला निघाली, आणि मधल्या दारात थांबली. "राहता कुठे तुम्ही?"

तिने सांगितलं.

"म्हणजे भाजीबाजाराच्या मागे?"

"हो."

"आता राहायला आलात?"

"नाही. आधीपासून. तेव्हापासून तिथेच."

मुलगी दाराच्या चौकटीला हात लावून तशीच उभी राहिली. "इथून किती लागतं हो?"

"वीस मिनिटं," ती म्हणाली, आणि मोजणाऱ्या माणसाच्या सवयीने पुढे म्हणाली, "सिग्नल लागला तर बावीस."